इस्टेट गाडी मोडीत काढून एसयूव्ही घ्यावी का? माझं मत: अजिबात नाही

तंबोरेवाले, मिरज

आमच्याकडे टाटाची डिझेल इंडिगो मरीना आहे, एमएच १०. ही इस्टेट, म्हणजे डिकी वेगळी नसून छत थेट मागच्या दरवाजापर्यंत गेलेली लांब गाडी. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी केली, हरित कर भरला आणि गाडी चालू ठेवली. नातेवाईक भेटले की विषय ठरलेला: "आता एखादी उंच गाडी घ्या." मला ते पटत नाही.

घरात गाण्याचा क्लास आहे. वडीलही शिकवतात, बायकोही. पुरुषी पट्टीचा तंबोरा साधारण पाच फुटांचा. सेडानच्या डिकीत तो जात नाही आणि टपावरच्या कॅरिअरवर उन्हात भोपळा बांधून न्यायची कल्पनाही करवत नाही. मरीनाची मागची सीट पाडायची, गादी अंथरायची, तारा उतरवून तंबोरा आडवा सरकवायचा. भोपळा पुढे, सीटच्या पाठीला उशी लावून. खुंट्या मागे, म्हणजे ब्रेक लागला तरी खुंट्यांवर दाब येत नाही. शेजारी दुसरा तंबोरा उलट्या दिशेने. पेटी दाराशी, पट्ट्याने आवळलेली. डिकीची कड गुडघ्याच्या जरा वर, त्यामुळे सत्तरी ओलांडलेले वडीलसुद्धा पेटी नुसती टेकवून आत ढकलतात.

औंधच्या संगीत महोत्सवाला तासगाव-विट्यावरून जातो. गाडी डुलत नाही, वळणावर पोटात ढवळत नाही. खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडे उतरताना जे इंग्रजी एस आकाराचं वळण लागतं, तिथे बुटक्या गाडीची किंमत कळते.

माझं म्हणणं एवढंच: इस्टेट ही जात वाईट म्हणून गेली नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. मग लांब डिकी कोण बनवणार? २००८ मध्ये त्याच इंडिगोची शेपटी छाटून चार मीटरच्या आत बसणारी इंडिगो सीएस आली.

घाटवाट, सातारा

तंबोऱ्याचं समजलं, पण कराचं गणित साफ चूक आहे. बलेनो अल्टुरा ही मारुतीची इस्टेट. ती कराच्या नियमाच्या कितीतरी आधीची. तीही फारशी खपली नाही. आणि एर्टिगा बघा: चार मीटरपेक्षा लांब, २०१२ पासून आजतागायत रस्त्यावर दर दहा मिनिटांनी दिसते. कर आडवा आला असता तर ती कशी चालली? लोकांना इस्टेट नकोच होती. चार पैसे जास्त मोजून घेतलेली गाडी मागून टेम्पोसारखी दिसावी, हे आपल्याकडे कुणाला आवडत नाही.

लिटरच घ्या. स्कोडाच्या जुन्या ऑक्टाव्हिया कॉम्बी या इस्टेटची डिकी ५४८ लिटर. एर्टिगाची तिसरी रांग पाडली की ५५०. शिवाय रांग उभी केली की सात माणसं. आमच्या घरी आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं आणि आत्या. सज्जनगडला जाताना आत्याला घरी ठेवू का?

आणि रस्ते! यवतेश्वरवरून कासला पावसाळ्यात जाऊन या, मग बुटक्या गाडीचं कौतुक करा.

तंबोरेवाले, मिरज

बलेनो अल्टुराचा मुद्दा मान्य. नियमाआधीही मागणी कमीच होती. पण कमी मागणी असलेल्या वस्तूला जास्त कर लावला की ती उरतच नाही, एवढं तरी धरा. आजही तेच आहे: सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४०.

लिटरबद्दल मात्र नाही पटत. एर्टिगात सातही माणसं बसली की मागे उरतात २०९ लिटर. आत्या येतील, आत्यांची बॅग मांडीवर येईल.

बेदाणा, तासगाव

दोघंही लिटर मोजताय, वजन कुणीच धरत नाही. आमच्याकडे पूर्वी इस्टेट होती (कंपनीचं नाव घेत नाही). सीझनला सासरे मागे बेदाण्याची पंधरा-पंधरा किलोची खोकी रचायचे. डिकी लांब, त्यामुळे माणूस भरत जातो. मागचा भाग बसला की गतिरोधकावर सायलेन्सर घासायचा आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. हेडलाइट खाली घ्यायची चकती डॅशबोर्डवर असायची, ती फिरवायचं भान कुणाला? शेवटी शॉकॲब्सॉर्बर गेले.

दुसरं, सामान बांधलं नसेल तर ब्रेक लागल्यावर ते थेट डोक्यात येतं. सेडानची डिकी बंद असते, इस्टेटमध्ये माणूस आणि सामान एकाच खोलीत. जाळी लावल्याशिवाय सीटच्या वर सामान रचूच नये. तंबोरेवाले पट्टा लावतात, चांगलं आहे. बाकीचे किती लावतात?

आणि काचेतून सगळं दिसतं. मिरज स्टँडजवळ गाडी लावून चहाला जायची सोय नाही.

तंबोरेवाले, मिरज

जाळीचं शंभर टक्के बरोबर, आणि ते एर्टिगालाही लागू आहे, तिथेही डिकी वेगळी नसते. मागे शेड ओढून घेतली की काचेतून काही दिसत नाही. वजनाबद्दल म्हणाल तर खोकी न्यायला छोटा हत्ती आहे. घरच्या गाडीत मी जड नाही, लांब आणि नाजूक सामान नेतो.

कृष्णाकाठ, सांगली

मला तंबोरेवाल्यांची बाजू पटते, एक शंका सोडून. इंजिन, क्लच, पुढचा भाग इंडिकाच्या घरातला, ते जुन्या बाजारात मिळेल. पण मागचा दरवाजा, त्याची काच, मागचे लाइट हे फक्त मरीनाचे. उद्या मागून कुणी ठोकलं तर? घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर क्लास चालत असेल, तर त्या काचेसाठी महिना थांबणं परवडेल का?

तंबोरेवाले, मिरज

म्हणूनच कोल्हापूरच्या भंगारबाजारातून मागचा एक अख्खा दरवाजा काचेसकट आणून माळ्यावर ठेवलाय. लाइटची जोडी अजून मिळाली नाही. कुणाला दिसली तर कळवा, मी घ्यायला येतो.

घाटवाट, सातारा

माळ्यावर दरवाजा ठेवावा लागतो, इथेच माझा मुद्दा सिद्ध झाला. ज्या गाडीचे भाग शोधत फिरावं लागतं ती घरची एकमेव गाडी असू नये. हौस म्हणून ठेवा, कुणी अडवत नाही. पण नव्याने गाडी घेणाऱ्याला हा सल्ला देऊ नका. लाइट मात्र बघतो. गोडोलीत एक जुना डीलर आहे, त्याच्याकडे चौकशी करतो.