पाड्यावरचा पोरगा कराचीच्या तुरुंगात आहे. मैत्री-संस्थेकडे जाऊन काही उपयोग होतो का?

डहाणूचा_मास्तर:
माझा जुना विद्यार्थी ओख्याच्या बोटीवर खलाशी होता. २०२५ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानवाल्यांनी बोटीसकट सगळ्यांना धरून नेलं. शेठ म्हणतो, उचल दिलीय, आता पगार बंद. घरी बायको नि दोन पोरं. भारत-पाक मैत्रीचं काम करणारी मुंबईची मंडळी मदत करतात असं ऐकलं. खरंच काही होतं, की नुसते अर्ज नि फोटो?

वसईवाला:
मेणबत्तीवाले ते! चौदा ऑगस्टच्या रात्री वाघा सीमेवर मेणबत्त्या लावायच्या नि घरी यायचं. सुटका सरकारांच्या मनात येईल तेव्हाच होते. आमदाराला धरा.

सातपाटीची_वहिनी:
वसईवाले, मेणबत्त्या पत्रकार कुलदीप नय्यर यांच्यापासून लावतात, आणि त्यानं कोणी सुटलं नाही हे कबूल. आमदाराकडेही जाच, मास्तर. पण पाकिस्तान-इंडिया पीपल्स फोरम १९९४ पासून आहे, आणि त्यातल्या जतीन देसाईंसारख्यांनी मच्छीमारांच्या प्रश्नाचा पिच्छा सोडलेला नाही. मी इकडे घरोघरचे कागद गोळा करायला जाते, म्हणून सांगते.

संस्था कुणाला सोडवत नाही, हे घरच्यांना आधी सांगून टाका. ती फाईल झोपू देत नाही. २००८ चा दोन्ही देशांचा करार आहे: अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीची भेट, आणि शिक्षा संपून नागरिकत्व पक्कं झालं की महिन्याभरात घरी. दर १ जानेवारी आणि १ जुलैला याद्यांची देवाणघेवाण होते. २०२५ च्या जुलैत पाकिस्ताननं १९३ मच्छीमार दाखवले, आपण त्यांचे ८१. शिक्षा बहुतेकांची काही महिन्यांची असते. ती कधीच संपते, आणि माणूस कराचीतल्या मालीरच्या तुरुंगात बसून राहतो.

घोडं अडतं नागरिकत्वाच्या पडताळणीत. तिकडे नाव ऐकून लिहितात. बापाचं नाव आडनावाच्या जागी, पाड्याचं नाव गावाच्या जागी. पालघर जिल्हा २०१४ चा, तर जुन्या माणसानं जिल्हा ‘ठाणे’ सांगितलेला. इथला हवालदार चौकशीला येतो, त्या नावाचं कोणी भेटत नाही, कागद परत. म्हणून रेशनकार्ड, आधार, अलीकडचा फोटो, बोटीचा नंबर आणि खलाशांची नावं असलेलं टोकन, म्हणजे समुद्रात जायची परवानगी-चिठ्ठी, सगळ्याच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला तर तुमच्याच कपाटात असेल. पेपरात आकडे तेवढे छापून येतात, आपल्या पोराचं नाव यादीत आहे का हे परराष्ट्र खात्याला लिहून विचारावं लागतं. तिथे या फोरमवाल्यांचा हात लागतो.

आणि कराचीतही हे काम करणारी माणसं आहेत. त्यांचे मच्छीमार गुजरातच्या तुरुंगात, आपले तिकडे, त्यामुळे गरज दोन्हीकडून. सुटलेल्यांना लाहोरपर्यंत आणायचा खर्च तिकडचं धर्मादाय काम करणारं एधी फाउंडेशन करत आलंय. २०२३ च्या मे-जूनमध्ये जवळपास चारशे जण असेच परतले.

वसईवाला:
ते २०२३ चं झालं, वहिनी. २०२५ मध्ये पहलगामनंतर अटारीची सीमा बंद झाली.

सातपाटीची_वहिनी:
झाली ना. म्हणूनच घाईची आशा लावू नका म्हणते. पण रस्ता उघडेल त्या दिवशी ज्याची पडताळणी झालेली असेल तोच पहिल्या गाडीत बसेल.

कोर्टातली_पोरगी:
एक भर घालते. समुद्र कायद्याच्या कराराचं कलम ७३ सांगतं की किनाऱ्याबाहेरच्या आर्थिक क्षेत्रात, दोन देशांचं तसं ठरलेलं नसेल तर, नुसत्या मासेमारीच्या गुन्ह्याला तुरुंगवास देता येत नाही. सह्या दोन्ही देशांच्या आहेत. तेव्हा बोट नेमकी कुठे धरली, हे सोबतच्या बोटींच्या तांडेलांकडून, म्हणजे बोटीच्या म्होरक्यांकडून, लिहून घ्या. पुढच्या हंगामात ते कुठे पांगतील सांगता येत नाही.

डहाणूचा_मास्तर:
दाखला आजच काढला. तांडेलाचा नंबरही मिळेल. टोकनची झेरॉक्स मात्र शेठ देत नाही, ‘बघू’ म्हणतो.

सातपाटीची_वहिनी:
त्याच्या मागे लागू नका, तो असाच पावसाळा काढेल. टोकन गुजरातच्या मत्स्योद्योग खात्याचं असतं, त्यांच्याकडेच माहिती अधिकारात मागा. अर्ज बायकोच्या नावानं, गुजरातीत. उंबरगावकडचं कोणी ओळखीचं असेल तर लिहून देईल, नाहीतर मला सांगा.