मदत हवी आहे: स्वतःच्या फोनवरील स्टेटसवरून मेमो मिळाला, खुलासा कसा लिहावा?

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी सात वर्षे सुपरवायझर आहे. पदाचे नाव मोठे असले तरी काम कोळंबीचे क्रेट तोलून वजन वहीत उतरवण्याचे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत माल येत नसल्याने सोलणाऱ्या बायकांना पगार नव्हताच, पण यंदा सेवेत खंड दाखवून त्यांना ऑगस्टमध्ये नवीन कार्डे दिली. त्यावर रविवारी घरून मी व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवले: "नारळी पुनवेला होडी परत पाण्यात जाते म्हणून ती नवी होत नाही, मग बाई नवी कशी?" कारखान्याचे नाव त्यात नव्हते.

सोमवारी कार्यालयात बोलावून व्यवस्थापकांनी फोन टेबलावर ठेवायला लावला आणि पॅटर्न काढायला सांगितला. मी गांगरून काढून दिला, ही चूक माझीच. स्टेटस पाहून झाल्यावर त्यांनी बायकांचा ग्रुप उघडला आणि एकेक संदेश वर सरकवत दुसऱ्या फोनने फोटो घेतले. मध्येच आईच्या तपासणीचा रिपोर्टही उघडला गेला. संध्याकाळी "बदनामी व शिस्तभंग" असा मेमो हाती आला.

भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो, हे मला ठाऊक आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने अनुच्छेद १९ व २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात असे म्हटले, त्याचा आधार कामगार न्यायालयात प्रत्यक्ष कोणी घेतला आहे का? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला आहे, पण माझ्या पैशाने घेतलेला फोन चाळणे तीत बसेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली नव्वद दिवसांत तक्रार करता येते, असे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितले. तिथे सुपरवायझर हे पद आड येईल, की तोलाईचे काम पाहिले जाईल?

कार्यालयातून "माफी लिहा, विषय मिटवू" असा निरोप आला आहे. माफी लिहिली तर आरोप मान्य केल्यासारखे होते का, आणि फोन उघडायला लावल्याची हरकत याच खुलाशात नोंदवावी की वेगळ्या पत्रात? मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे.