घरचा व्यवसाय मासळीचा, आणि मला मासे सोडायचे आहेत

किनाऱ्यावरची (प्रश्न)

नमस्कार. मी सतरा वर्षांची असून बारावीला आहे आणि सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात राहते. आमचे घर मासेमारीवर चालते. बाबा आणि काका गावच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या सामाईक जाळ्यात, भागीदार आहेत, आई सकाळी बाजारात पाटी घेऊन बसते आणि आजीने तर हाच व्यवसाय करून आपली सगळी मुले वाढवली. अशा घरात मी गेल्या दिवाळीनंतर आईला सांगितले की, यापुढे मला मासे, मटण आणि कोंबडी खायची नाही; दूध, दही आणि अंडी मी खाईन. यामागे कोणतेही व्रत नाही आणि कोणी मला शिकवलेलेही नाही. रापण ओढून झाल्यावर जाळ्यातला जीव बराच वेळ तडफडत राहतो हे मी लहानपणापासून पाहत आले आहे, आणि जगण्यासाठी ते अत्यावश्यक नसेल तर निदान माझ्या ताटापुरते ते नको, एवढेच मला वाटते.

घरात तिघांचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. आईला माझ्या प्रकृतीची काळजी वाटते. अंगात रक्त राहणार नाही, बारावीचे वर्ष आहे, असे ती म्हणते. आजीला माझ्या लग्नाची काळजी वाटते. बाबा मात्र फारसे बोलत नाहीत. ज्या मासळीवर तुझे शिक्षण झाले तीच आता तुला नकोशी झाली, एवढे एकच वाक्य ते बोलले आणि तेव्हापासून जेवताना माझ्या ताटाकडे पाहण्याचे टाळतात. आईने तडजोड म्हणून सुचवले की, माशाचा तुकडा बाजूला काढून नुसते सार भातावर घ्यावे. ते मला जमत नाही, आणि त्यावरून रोज संध्याकाळी वाद होतो.

गंमत अशी की, श्रावणात आमच्याकडेही चूल शाकाहारीच असते. म्हणजे महिनाभर मासे न खाण्याला घरात कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती त्यामागे देव नसून मी आहे याला. मी अठरा वर्षांची होऊन शिक्षणासाठी बाहेर पडेपर्यंत थांबावे का? थांबायचे नसेल तर आईला पटेल असे काय सांगावे, आणि प्रत्यक्षात काय खावे?

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ म्हणून एका सरकारी रुग्णालयात काम करते, म्हणून तुझ्या आईच्या आक्षेपाचे उत्तर आधी देते. तिची शंका अनाठायी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयोगटातल्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि त्यात मांसाहारी घरांतल्या मुलीही होत्याच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार 16 ते 18 वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे 32 मिलिग्रॅम लोह लागते. हा आकडा मासे खाऊनही सहज गाठता येत नाही. मासे आणि मांस यांतले लोह शरीरात अधिक सुलभतेने शोषले जाते, डाळी-पालेभाज्यांतले कमी शोषले जाते, हा फरक खरा आहे. त्यावरचा उपाय असा की, उसळीवर लिंबू पिळावे, जेवणाबरोबर पेरू, आवळा किंवा कच्ची कोशिंबीर असावी, आणि चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर तरी घेऊ नये. कोकणात जेवून उठल्या-उठल्या चहा घेणाऱ्या घरांची मला कल्पना आहे. तुला तेवढी सवय सोडावी लागेल. कॉलेजात दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर ती टाकून देऊ नकोस.

प्रथिनांची चिंता मात्र आईने सोडून द्यावी. तुझ्या वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने पुरतात. कोरडी 60 ग्रॅम कडधान्ये किंवा डाळ दोन वेळांत मिळून शिजवली तर साधारण 14 ग्रॅम, अर्धा लिटर दूध किंवा तेवढ्या दुधाचे दही म्हणजे सुमारे 16 ग्रॅम, मूठभर शेंगदाणे सात ग्रॅम, एक अंडे सहा ग्रॅम. यात दोन वेळचा भात आणि भाकरी धरली की हिशेब पुरा होऊन वर उरते. भातात जे अमिनो आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते, त्यामुळे कुळथाची पिठी आणि भात हे गरिबाचे जेवण म्हणून हिणवण्यासारखे मुळीच नाही. मालवणी स्वयंपाकात काळ्या वाटाण्याचे सांबार आहे, ओल्या काजूची उसळ आहे, शेवग्याच्या पाल्याची भाजी आहे, नाचणीची भाकरी आहे. तुला परक्या प्रांतातले काहीही शोधत बसण्याची गरज नाही.

ब-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नात जवळजवळ नसते. दूध, दही आणि अंडी तू घेणार असल्यामुळे सध्या धोका कमी आहे, परंतु यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे कमतरता लगेच कळत नाही, हे ध्यानात असू दे. आताच हिमोग्लोबिन आणि ब-12 तपासून घे आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपास. आईशी बोलताना शब्दांपेक्षा हे दोन कागद अधिक उपयोगी पडतील. आणि दुसऱ्या कागदावर आकडा घसरलेला दिसला तर तो लपवू नकोस, औषध घे. बांगडा-पेडव्यांसारख्या माशांतून मिळणारी ओमेगा-3 मेदाम्ले जवस आणि अक्रोडातून तशीच्या तशी मिळत नाहीत, त्यातला थोडाच भाग शरीर त्या स्वरूपात बदलून घेते. तरीही जवसाची चटणी रोज खावी.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, राग मानू नकोस. या निर्णयामागे वजन कमी करण्याची इच्छा थोडीही असेल, जेवण एकूणच कमी झाले असेल किंवा पाळी अनियमित झाली असेल, तर प्रश्न वेगळा आहे आणि तो आधी डॉक्टरांपुढे मांडायला हवा. या वयात काही मुली नको असलेले जेवण टाळण्यासाठी शाकाहाराचा आडोसा घेतात, हे मी पाहिलेले आहे.

माणदेशी

आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात आहे. घर मांसाहारी, पण आजोबांनी ऐन तिशीत तुळशीची माळ घातली आणि त्या दिवसापासून मांस-मद्य वर्ज्य केले. वारकऱ्यांच्या प्रभावाखालच्या गावांत हे इतके सर्रास घडते की, एकाच पंगतीत माळकरी आणि मटण खाणारे असतात आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. जत्रेला आमच्याकडे पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य असतो आणि दुसऱ्या दिवशी बोकड पडतो. त्या दिवशी आजोबांची आमटी-भाकरी अंगणातल्या वेगळ्या चुलीवर व्हायची. ती आजीच करायची, हे इथे सांगायलाच हवे. आजोबांच्या निष्ठेचे कौतुक सगळ्या भावकीने केले, दोन स्वयंपाक करणाऱ्या आजीचे कोणी केल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, तुझ्या घरातला निम्मा वाद तत्त्वाचा नसून कामाचा असू शकतो. पहाटे बाजार गाठणारी बाई संध्याकाळी घरी येऊन एक सार करते, त्यात तिला आता दुसरी आमटी करावी लागणार असेल तर तिने कुरकुर करणे स्वाभाविक आहे. रात्री वाटाणे भिजत घालणे, सकाळी कुकर लावणे, आपली वाटी आपण घासणे एवढे तू कोणी न सांगता सुरू केलेस तर आईचा विरोध किती उरतो ते आधी पाहावे. आणि करताना फक्त आपल्यापुरते करू नकोस, सगळ्यांना पुरेल इतके कर. ताज्या काळ्या वाटाण्याच्या सांबाराला तुमच्याकडे नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

थांबण्याबद्दल विचारलेस, तर अठराव्या वाढदिवसाने या बाबतीत काहीही बदलत नाही. आमच्याकडे चाळिशीतल्या माणसानेही मटण सोडले तर आई रडते.

दर्यावर्दी

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले असले तरी मला त्यांत एक मोठी उणीव दिसते, आणि ती तुझ्या बाबांविषयीची आहे. मी स्वतः मासेमार घरातला, आता नोकरीनिमित्त मुंबईत असतो. माळ घातलेल्या आजोबांचा दाखला तुझ्या घराला लागू पडत नाही, कारण शेतकऱ्याने मटण सोडले म्हणून त्याच्या धंद्याला बोल लागत नाही. मासेमाराच्या मुलीने मासा सोडला की, तिचा हेतू काहीही असो, बापाला ऐकू येते ते एवढेच की तुम्ही जे करता ते पाप आहे.

त्यामागे इतिहासही आहे. या राज्यात शाकाहार ही केवळ आवड कधीच नव्हती. कोण वरचा आणि कोण खालचा हे ताटावरून ठरवण्याची ती एक रीत होती, आणि अजूनही आहे. मुंबईत घर शोधताना दलालाने आडनाव ऐकून, मग काय खाता असे विचारून, इमारत दाखवण्याचेच टाळले असा अनुभव आमच्यापैकी अनेकांना आहे. माशांच्या वासावरून वर्गात नाक मुरडणारी मुले तुझ्या बाबांनीही पाहिली असतील. अशा माणसापुढे त्याचीच मुलगी तडफडणाऱ्या जिवाची गोष्ट काढते, तेव्हा तो गप्प बसतो यात मला नवल वाटत नाही. निर्णय तुझा आहे, परंतु ‘सात्त्विक’, ‘शुद्ध’ असले शब्द चुकूनही घरात आणू नकोस.

दुसरे असे की, तुझ्या करुणेचा रोख नेमका कुठे असावा याचाही विचार कर. रापण किनाऱ्यावरून माणसे हाताने ओढतात. समुद्र खरवडून काढणारे ते जाळे नव्हे. माशांच्या अख्ख्या थव्याला वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे ओढून घेणारी मासेमारी यांविरुद्ध सिंधुदुर्गातले पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे भांडत आले आहेत; एलईडीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली तरी ते प्रकार पुरते थांबलेले नाहीत. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, कारण माशांच्या पैदाशीचा तो काळ आहे. याविषयी तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त कळते. त्यांना कधी विचारलेस का?

माझा सल्ला विचारशील तर बारावीची परीक्षा होईपर्यंत थांब. मासे खा असे मी म्हणत नाही. पण आठवड्यातून दोन-तीन वारांपासून सुरुवात करावी. सोमवार-गुरुवार-शनिवार तसेही अनेक घरांत पाळतात, त्यात कोणी प्रश्न विचारत नाही.

माणदेशी

दर्यावर्दी, बाबांविषयीचे तुमचे म्हणणे पटले. माझ्या डोक्यात तो मुद्दा आला नव्हता. वारांची पळवाट मात्र पटली नाही. मुलीने देवाचे नाव पुढे केले की घर गप्प बसेल, हे खरे आहे, पण मग तिला स्वतःचे कारण सांगण्याची सोयच उरत नाही, आणि पुढे सासरी तिच्या नावावर न केलेले उपवास चिकटतील ते वेगळेच.

किनाऱ्यावरची

सर्वांचे मनापासून आभार. आहारविचार ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. वजनाचा काही संबंध नाही आणि जेवणही कमी झालेले नाही. रक्ताची तपासणी करून घेते. वारांचा मार्ग मी स्वीकारणार नाही, कारण सोमवारी नको आणि मंगळवारी चालेल असे म्हटले तर माझ्या कारणाला काही अर्थच राहत नाही. दर्यावर्दी काकांचे बाकीचे लिहिणे वाचून मात्र मी बराच वेळ विचार केला. बाबांना मी माझे कारण सांगितले होते, त्यांचे काय म्हणणे आहे ते विचारले नव्हते. या रविवारी रापण आहे. मी दरवर्षी सुट्टीत दोर ओढायला जाते, या वर्षी गेले नव्हते. आता जाणार आहे. माझ्या ताटात मासा नसेल, पण घरच्या कामातून मी अंग काढून घेतलेले नाही, हे त्यांना बोलून सांगण्यापेक्षा असेच कळलेले बरे. आईच्या पाटीचा हिशेबही मीच लिहिते आणि तो लिहीत राहीन.

एक लहान प्रश्न उरतो. पावसाळ्यात आमच्याकडे डाळीत, भाजीत, चटणीत सर्वत्र सुकट किंवा जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी, असतो. प्रत्येक वेळी विचारून आईला त्रास देणे बरे वाटत नाही.

माणदेशी

विचारू नकोस, फोडणीच्या आधी तुझी वाटीभर डाळ बाजूला काढून ठेव. आजोबांचेही असेच चालायचे.

आहारविचार

उत्तर वाचून बरे वाटले. एक मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. घरात स्वयंपाकाला मिठागराचे खडे मीठ वापरत असाल तर त्यात आयोडीन मिसळलेले नसते. आजवर ती गरज बऱ्याच अंशी समुद्रातल्या मासळीने भागत होती, ती आता तुझ्यापुरती भागणार नाही. मासळी खारवायला खडे मीठ राहू दे, पण जेवणासाठी आयोडीनयुक्त मिठाचे पुडके आण. ते सगळ्यांनीच वापरले तरी चालेल.