मदत हवी आहे : 'आप जैसा कोई' की 'डिस्को दीवाने'? (घरात दोन तट पडलेत)

दुधनाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची सेलूची, सध्या परभणीत असते. विषय वाचून हसाल, पण अडचण खरी आहे आणि ऑर्केस्ट्रावाल्याला गुरुवारपर्यंत सांगायचंय.

आई-बाबांच्या लग्नाला येत्या डिसेंबरात ४५ वर्षं होतात. सेलूलाच घरगुती कार्यक्रम ठेवलाय, जेवण आणि तासाभराची गाणी. दोघं हॉलमध्ये शिरताना एक गाणं वाजवायचं ठरलं. ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, "ताई, आत येतानाचं एकच सांगा, ते नीट बसवून देतो." इथवर सगळं ठीक होतं.

बाबा म्हणतात, डिस्को दीवाने. बाळूमामा म्हणतो, आप जैसा कोई. दोन्ही नाझिया हसनचीच आणि संगीतही दोन्हीकडे बिद्दूचं, म्हणजे भांडण एकाच घरातलं. तरी गेल्या रविवारी दोघं इतके पेटले की ताटातलं वांगं गार झालं. मामा म्हणे, "दाजी, त्या गाण्यात आहा आहा सोडून आहे काय?" बाबा म्हणे, "तुझ्या गाण्यात ती बाई झोपेत गायल्यासारखी गाती." मग मामानं मोबाईलवर त्याचं गाणं लावलं, बाबांनी टीव्ही मोठा केला, आणि आईनं दोन्ही बंद केलं.

बाबांचा हुकमाचा एक्का असा : "आमच्या वरातीत बँडवाल्यानं डिस्को दीवानेच वाजवलंतं. मी स्वतः जीपमधून उतरून नाचलो." त्यांच्याकडं एक नव्वद मिनिटांची कॅसेटही आहे. परभणीला स्टेशन रोडच्या एका दुकानात यादी देऊन भरून घेतलेली. 'अ' बाजूला हिरव्या शाईत पहिलंच नाव 'डिस्को दि.' आतला स्पंजाचा तुकडा गळून पडलाय, फीत दोन ठिकाणी नेलपॉलिशनं चिकटवलेली. वाजत नाही, तरी कपाटात कुलपात असते. (आमच्या शाळेच्या दाखल्यांना तो मान नाही.)

मला गाण्यातलं फार कळत नाही. दोन्हींतलं चांगलं कुठलं, आणि का, ते सांगा. "दोन्ही आपापल्या जागी छान" असं कृपया लिहू नका, ते मी दोघांना सांगून बघितलंय.

गंजगोलाई

ताई, यात विचारायचं काय? आप जैसा कोई. लातूरकडून एक मत पक्कं धरा.

कारण सांगतो. हे गाणं कोणत्याही वाद्याशिवाय गुणगुणून बघा, टिकतं. दुसरं गुणगुणून बघा, अर्ध्या मिनिटात तुम्ही नुसतं 'आहा' करत बसाल. चाल असावी तर अशी. शिवाय तिचं वय लक्षात घ्या. नाझिया तेव्हा १५ वर्षांची, लंडनमध्ये शाळेत शिकणारी पोरगी. फिरोज खानला ती एका पार्टीत भेटली, त्यानं बिद्दूकडं नेलं. हे गाणं 'कुर्बानी' सिनेमातलं; त्याची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिद्दूचं. आणि त्या वर्षीचं फिल्मफेअर या पोरीनं नेलं. लताबाई, आशाबाई गात होत्या त्या काळात! त्यानंतर बोलायचं काही राहतच नाही.

कापूसकोंड्या

राहतं की. बक्षिसावरून गाणं ठरवायचं असेल तर मग कशाला ऐकायचं, यादीच वाचत बसा.

मी डिस्को दीवानेवाला. गंजगोलाईंनी सांगितलेलं सगळं खरं धरलं तरी एक गोष्ट त्यांनी खिशात ठेवली. आप जैसा कोई सिनेमातलं आहे. मागं फिरोज खान, विनोद खन्ना, पडद्यावर झीनत अमान. एवढा लवाजमा असल्यावर गाणं चालणारच. डिस्को दीवानेच्या मागं कोण होतं? कोणीच नाही. १९८१ मध्ये बहीण-भावानं, नाझिया आणि झोहेबनं, नुसत्या गाण्यांची तबकडी काढली. ना हिरो, ना पोस्टर, ना कथा. आपल्याकडं सिनेमाबाहेरचं गाणं म्हटलं की भजन, भावगीत नाहीतर गझल. पोरासोरांनी नाचायचं गाणं सिनेमाशिवाय गावोगाव पोचलं ते हे. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची गीतमाला लागायची, पण ती सिनेमाच्या गाण्यांची. या गाण्याला ती शिडीसुद्धा मिळाली नाही. कॅसेटी भरून भरून पोचलं ते. तुमच्या बाबांची कॅसेट हाच त्याचा पुरावा, तिला जपा.

आणि 'आहा आहा'ला हसू नका. ते गाणाऱ्यासाठी नाहीच, समोर बसलेल्यांसाठी ठेवलंय. तिनं ओळ म्हणायची, हॉलनं आहा म्हणायचं. तुमच्या कार्यक्रमात पन्नास माणसं असतील, तर पन्नास माणसं गातील. आप जैसा कोईला लोक नुसतं बघत बसतात.

बिंदुसरा

मी बीडचा. नव्वदच्या आसपास सात-आठ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, ही दोन्ही गाणी वाजवून वाजवून बोटं झिजली. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लोकांना वाटतं आप जैसा कोई सोपं आहे. मूळ रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका. तिचा आवाज एकेरी वाटत नाही, स्वतःवरच स्वतः गायल्यासारखा जाड होऊन येतो. बिद्दू मूळचा बंगळुरूचा, पण लंडनमध्ये घडलेला माणूस. १९७४ चं कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' त्यानंच केलेलं. त्याला माहीत होतं की या पोरीचा आवाज तयारीचा नाही, नाकातला आहे, त्यात मुरक्या घालून उपयोग नाही. म्हणून त्यानं चालीत मोकळी जागा सोडली. ढोल खाली एकसारखा ठोके देत राहतो, गिटार मधेच चिमटा काढून जाते, आणि ती घाई न करता त्यावर चालत येते. बाबा म्हणतात ना 'झोपेत गाती', ते बरोबर पकडलंय त्यांनी. फक्त त्याला ते दोष समजतात. गाण्याची सगळी जादू त्या आळसात आहे.

आता ऑर्केस्ट्रात याचं काय होतं ते सांगतो. गायिका येते, शिकलेली असते, आणि पहिल्या ओळीलाच गळ्यातली हरकत घेते. दुसऱ्या ओळीला तान. संपलं गाणं. मी आमच्या एका गायिकेला हात जोडून म्हणालो होतो, "बाई, काहीच करू नका, नुसतं बोलल्यासारखं म्हणा." तिला अपमान वाटला. पुढच्या कार्यक्रमाला तिनं आणखी दोन मुरक्या वाढवल्या.

डिस्को दीवानेचं उलटं आहे. ते कोणीही गावं, कसंही गावं, मरत नाही. छोटे छोटे तुकडे आहेत, तोंडात बसतात. बेसुरा माणूससुद्धा आहा बरोबर म्हणतो. पण खरं सांगू का, कडवं सुरू झालं की मला ते जरा रिकामं वाटतं. मुखड्याची वाट बघत बसावं लागतं. आप जैसा कोईत कुठंच वाट बघावी लागत नाही.

माझं मत : गाणं म्हणून आप जैसा कोई वरचं. तुमच्या हॉलसाठी डिस्को दीवाने बिनधोक. गायिका कोण आहे ते आधी बघा, मग ठरवा.

हुरडापार्टी

बिंदुसरा, "हे वरचं पण ते बिनधोक" म्हणजे दोन्ही आपापल्या जागी छानच झालं की. ताईंनी तेवढंच नको म्हटलंतं.

माझी कसोटी सोपी. नंतर कुणी उचललं? २०१२ च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये डिस्को दीवाने घेतलं, आणि नाझियाचा मूळ आवाज ठेवून घेतलं. म्हणजे बारा वर्षांपूर्वी गेलेल्या बाईच्या आवाजावर नवी पोरं नाचली. यापेक्षा मोठी पावती कोणती?

गंजगोलाई

आप जैसा कोईपण घेतलंय की. २०२२, 'अॅन अॅक्शन हिरो'. पण नव्या आवाजात, आणि ते ऐकून मी मोबाईल उशीखाली ठेवला. मूळ गाण्याच्या जवळ जाता येत नाही, हाच त्याचा मोठेपणा. कसोटी तुमची, निकाल माझ्याकडं.

टू-इन-वन

चांगल्या-वाईटाचं तुम्ही बघा, मला दुसरीच शंका आली. ताई, वरात नेमकी कधीची? यंदा डिसेंबरात ४५ होतात म्हणजे लग्न डिसेंबर १९८० चं. पत्रिका असेल तर एकदा खात्री करा.

दुधनाकाठची

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बिंदुसरा, तुमचा 'आळस' मी आज बसमध्ये हेडफोन लावून ऐकला. खरंच आहे तो.

टू-इन-वन, पत्रिका सापडली. आईच्या ट्रंकेत शालूच्या घडीत होती, हळदकुंकवाचे डाग पडलेली. डिसेंबर १९८० च. का बरं?

टू-इन-वन

मग झालं. 'कुर्बानी' लागला जून १९८० मध्ये. डिस्को दीवाने आलं १९८१ मध्ये. ज्या रात्री तुमचे बाबा जीपमधून उतरून नाचले, त्या रात्री डिस्को दीवाने बाजारात नव्हतं. सेलूतच काय, मुंबईतसुद्धा नव्हतं. बँडवाल्यानं नाझियाचं गाणं वाजवलं असेल तर ते एकच असू शकतं.

म्हणजे बाबा गेली ४५ वर्षं चुकीच्या गाण्याची बाजू लढवायलेत. मामांना इतक्यात सांगू नका, कार्यक्रमापर्यंत तरी शांतता ठेवा.

दुधनाकाठची

उशीर झाला. मामा हा धागा वाचतो.

काल संध्याकाळी पेढे घेऊन आला. बाबांच्या पुढ्यात पत्रिका ठेवली आणि काही बोलला नाही, नुसता पेढा पुढं केला. बाबांनी चष्मा लावला, पत्रिका उलटीपालटी केली, आणि म्हणाले, "पत्रिका आधी छापत असतेत." मामा म्हणाला, "दाजी, आधी म्हणजे वर्षभर आधी?" मग बाबा म्हणाले की त्या बँडवाल्याचा भाऊ मुंबईला होता, त्याला नवी गाणी आधी कळायची. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेले.

तिथं आई मेथी निवडत होती. तिला विचारलं, तुला काय आठवतंय? ती म्हणाली, "बाळूला काय आठवणारे? अकरा वर्षांचा होता. जीपमध्ये माझ्या मांडीवर झोपला होता, शालूला लाळ लावली सगळी. धुतली तरी डाग गेला नाही." मी बाहेर येऊन शालू उलगडला. डाग आहे. मामानं पेढ्याचा डबा मिटवून घेतला.

म्हणजे एक साक्षीदार चुकीचं आठवणारा आणि दुसरा झोपलेला.

कापूसकोंड्या

मी पहिल्यापासून म्हणत होतो, यादीवरून ठरवू नका. पण तुमच्या बाबांची कॅसेट मात्र खरी आहे. वरातीत वाजलं नसेल, पण नंतर पदरचे पैसे घालून त्यांनी तेच पहिलं भरून घेतलं. माणसाला काय आवडतं ते दुकानातल्या यादीत कळतं. पहिल्या नंबरला काय लिहितो ते बघायचं.

बिंदुसरा

हे पटलं. आमच्याकडं यादीत पहिलं नेहमी आवडीचं असायचं, कारण शेवटचं गाणं हमखास अर्ध्यात तुटायचं. नव्वद मिनिटांची म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस, आणि दुकानदार घड्याळ न बघता भरायचा.

जाता जाता, त्या काळच्या बँडबद्दल. ट्रम्पेटवर आप जैसा कोई फार मोजके लोक नीट वाजवायचे. तो आळस पितळेतून निघत नाही, ठणठणीत होऊन बसतो. तेव्हा त्या रात्री ते वाजलंही असेल, पण ओळखू आलं असेल असं नाही. आईंना विचारा एकदा.

दुधनाकाठची

विचारलं. आई म्हणाली, "बँडवाल्याचं सगळं एकसारखंच वाजायचं. गॅसबत्तीच्या उजेडात मला तुझ्या बाबाचे बूट तेवढे दिसत होते. नवे होते, चावत होते, म्हणून हे पाय उचलून उचलून नाचायलते. लोकांना वाटलं डिस्को करायलेत."

यावर बाबा काहीच बोलले नाहीत. म्हणजे बूट खरे असावेत.

तर ठरलं ते असं. आत येताना आप जैसा कोई, पण न गाता, नुसतं गिटारवर. बिंदुसरा यांचा सल्ला ऑर्केस्ट्रावाल्याला वाचून दाखवला. त्याची गायिका ऐकत होती, तिला राग आलेला दिसला, पण गिटारवाला खूश आहे. जेवणानंतर डिस्को दीवाने, गायिका आणि सगळा हॉल मिळून. आहा म्हणायला बाबांना माईक देणार. मामाची यालाही हरकत आहे, पण पेढ्यांनंतर त्याचं वजन कमी झालंय.

आता एक नवीनच काम निघालंय. आई म्हणते ऑर्केस्ट्रा असू द्या, पण दारात पाच मिनिटं का होईना, बँड पाहिजे. सेलू, मानवत, परतूर या भागात जुन्या पद्धतीचा, ट्रम्पेट-क्लॅरिनेटवाला बँड कुणाच्या माहितीत आहे का? डीजे नको. गाणं कुठलंही वाजवलं तरी चालेल, आईचं म्हणणं आहे की कळणार नाहीच.