गरोदर बाईची भाकर कमी केली की बाळाची चरबी कमी होते का?

धुऱ्यावरची: वहिनीला सातवा लागला आणि मायनं तिची भाकर दोनवरून एकीवर आणली. कारण ठरलेलं, "जास्त खाल्लं की बाळ फुगते, मंग सिझर." मागच्या खेपेलाही हेच केलं होतं. पोरगी झाली २ किलो ३००. दंड काडीसारखे, पण अंघोळ घालताना पाठीवर फऱ्याखाली चिमटीत धरता येईल अशी मऊ घडी हाताला लागायची.
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं शाबूत. म्हणजे उपाशी ठेवून चरबी घटत नाही, मांस घटतं. मायचं चुकतंच.

माहेरवाशीण५८: बाई, तुझी माय वैरी आहे का? आमच्या काळी दवाखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचा. बाळ अडलं की दोन्ही जीव जायचे. त्या भीतीतून निघालेली रीत आहे ही. दोन किलो तीनशेची पोरगी आज धावते ना?

पांढरं सोनं: धावते, पण अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचीच. तरी मला भाकरीचा वाद फोल वाटतो. त्याच अभ्यासात बाळाच्या वजनाचा संबंध पोटभर जेवणापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध किती वेळा खाल्लं याच्याशी जास्त दिसला. आणि ज्या बायांना अंगमेहनत जास्त, त्यांची बाळं लहान. आमच्याकडे सातव्या महिन्यातली बाई वाकून कापूस वेचते, दूध डेअरीला जाते. धुऱ्यावर तणनाशक मारलं की चिवळ, तरोटा सगळं जळून जाते. भाजी आणायची कुठून? सासूला दोष देणं सोपं आहे.

धुऱ्यावरची: वेचणी मान्य. पण भाजी नाही म्हणून भाकरही काढून घ्यायची, हे काही पटत नाही.

तीन टाके: आता माझंही ऐका. मला सगळ्यांनी "दोन जीवांचं खा" म्हणून सकाळ-संध्याकाळ तुपातला शिरा चारला. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं, तर साखर १४० च्या वर. डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते असं: आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळच स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठवतं. माझं बाळ ३ किलो ९००. सगळे म्हणाले, गुटगुटीत! मला मात्र त्याची साखर घसरते की काय म्हणून रात्रभर टाचेला सुया टोचलेल्या आठवतात. तेव्हा धुऱ्यावरची, भाकर वाढव, पण आधी वहिनीची साखर तपासून घे.

माहेरवाशीण५८: हे पटलं. शिऱ्यापेक्षा तुरीचं वरण घट्ट कर म्हणावं.

धुऱ्यावरची: सोमवारी तपासणीला नेते. आज मायला बाळाची पाठ कशी होती ते आठवून दिलं. काही बोलली नाही. रात्री वहिनीच्या ताटात दुसरी भाकर होती, सोबत चून. आंबाडी बाजाराच्या दिवशी.