मेन गेट फेडरेशनचं आहे

सोसायटीचा ग्रुप, घोडबंदर रोड, ठाणे. शनिवार रात्र.

बी ७०२: मंडळी, नेटमधलं कोणाला कळतं का? चिरंजीवांनी पीसीवर माइनक्राफ्ट गेमचा सर्व्हर टाकलाय, पनवेल आणि पुण्याच्या मावसभावंडांसोबत खेळायला. घरात मस्त चालतो. ती पोरं यायला गेली की ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. दोन दिवस राउटरसमोर मांडी घालून बसलाय, जेवायलाही उठत नाही 🙏

ए २०१: आमचंही नेट स्लो आहे आज.

सी ११०४: ताई, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंय का त्याने?

बी ७०२: थांबा, त्यालाच फोन देते.

बी ७०२: काका मी बोलतोय. हो केलंय. १९२.१६८.१.१ उघडून माइनक्राफ्टचा २५५६५ नंबरचा टीसीपी पोर्ट आमच्या पीसीला लावलाय, १९२.१६८.१.७ ला. विंडोज फायरवॉलमध्ये जावाला पण परवानगी दिलीये

सी ११०४: शाब्बास. आता पीसीचा पत्ता परत बघ. ७ च आहे का?

बी ७०२: ११ 😐

सी ११०४: वाटलंच. काल दुपारी लाइट गेले होते ना? राउटर बंद होऊन चालू झाला की कधी कधी पत्त्यांची अदलाबदल होते. तू ७ ला माल पाठवतोयस आणि ७ वर आता कदाचित तुमचा टीव्ही बसलाय. डीएचसीपीमध्ये (राउटर घरात पत्ते वाटतो ते सेटिंग) जाऊन पीसीच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे मशीनच्या ओळख नंबरला, एक पत्ता कायमचा राखून ठेव, मग फॉरवर्डिंगमध्ये तोच टाक.

सेक्रेटरी (ए ३०२): एक मिनिट. बाहेरची माणसं आपल्या इमारतीतल्या सर्व्हरवर येणार म्हणजे नेमकं काय? कमिटीला विचारलं का?

सी ११०४: काका, त्यांचं घरचं कनेक्शन आहे, सोसायटीचा संबंध नाही. तरी सांगतो. राउटर म्हणजे आपला वॉचमन धरा. तुम्ही आतून पार्सल मागवलंत की ते ३०२ चं हे त्याच्या लक्षात असतं, आलं की वर सोडतो. पण न मागवता कोणी येऊन नुसतं ‘२५५६५ कडे जायचंय’ म्हणाला तर वॉचमन त्याला कुठे पाठवणार? पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे त्याच्या वहीत लिहून ठेवायचं की या नंबरचा माणूस आला की सरळ ७०२ ला सोड. तेवढंच. बाकीची दारं बंदच राहतात.

सेक्रेटरी (ए ३०२): मग ठीक.

बी ७०२: काका राखून ठेवला पत्ता. तरी टाइम्ड आउट

सी ११०४: तपासलंस कसं?

बी ७०२: लॅपटॉपवरून, आमचा बाहेरचा आयपी टाकून

सी ११०४: घरच्याच वायफायवर? तसं नाही कळायचं. घरातून बाहेर जाऊन परत आत वळणं बऱ्याच राउटरना जमत नाही. लॅपटॉप आईच्या फोनच्या हॉटस्पॉटवर घे आणि मग बघ. सर्व्हर चालू ठेव, नाहीतर पोर्ट तपासणाऱ्या साइटही ‘बंद’ म्हणतील. त्या साइट बहुतेक टीसीपी तपासतात, म्हणून गेमची पीसीवरची जावा आवृत्ती नसून मोबाइलवरची बेडरॉक असेल तर त्यांच्या नादी लागू नकोस, तिला वेगळ्या प्रकारचा पोर्ट लागतो, यूडीपी १९१३२.

बी ७०२: जावाच आहे. हॉटस्पॉटवरून पण टाइम्ड आउट 😭

सी ११०४: ‘रिफ्यूज्ड’ आलं असतं तर म्हटलं असतं दारापर्यंत पोचलास, आत कोणी नाही. टाइम्ड आउट म्हणजे वाटेतच कोणीतरी गिळलं. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) शोध आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या साइटवर काय येतं तेही बघ. सगळे आकडे इथे टाकू नकोस, नुसता पहिला भाग.

बी ७०२: राउटरवर १००.८४ ने सुरू होतोय. साइटवर १०३ ने. वेगळे का??

सी ११०४: सापडला चोर. बाळा, तुझं सेटिंग बरोबर आहे. तू कितीही पोर्ट उघडलेस तरी कोणी यायचं नाही, कारण तुझ्या राउटरच्या पुढे नेटवाल्याचा आणखी एक राउटर आहे आणि खरा बाहेरचा पत्ता त्याच्याकडे आहे. तोच पत्ता शेकडो घरांत वाटलेला असू शकतो. सीजीनॅट म्हणतात याला.

सी ११०४: सेक्रेटरी काकांच्या भाषेत: आपल्या वॉचमनला आपण सांगितलं, पण कॉम्प्लेक्सचं मेन गेट सगळ्या सोसायट्यांच्या फेडरेशनचं आहे. तिथला गार्ड आपलं ऐकतो का?

सेक्रेटरी (ए ३०२): आजपर्यंत एकदाही नाही.

डी ५०४ (आजोबा): यात नेटवाल्याचा फार दोष नाही. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात सुमारे ४३० कोटीच. आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास कंपन्यांच्या या आतल्या वाटपासाठी राखून ठेवला. मुलाचा ८४ त्यातच बसतो. टेलिफोन एक्सचेंजमध्ये आम्ही पार्टी लाइन चालवायचो, एका वायरवर दोन घरं. फरक इतकाच की तेव्हा शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं.

सी ५०३: 😂😂

बी ७०२ (आई): मग आता काय करायचं? नेटवाल्याशी भांडू का?

सी ११०४: भांडू नका ताई, ‘स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का’ विचारा, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा बाहेरचा पत्ता. वेगळे पैसे पडतात. चार पोरांच्या खेळासाठी मी तरी देणार नाही. आयपीव्ही६ ने, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांनीही होतं, पण ते तिन्ही घरी हवं आणि पुण्याच्या मावशींचा राउटर फोनवरून कोण उघडणार? सोपं सांगतो, टेलस्केल नावाचं ॲप टाका, ते आपल्याच मशीनचं खासगी नेटवर्क बनवतं. चौघांच्या मशीनवर तेच. सगळे आतून बाहेर जाऊन एकमेकांना भेटतात, म्हणून गेटवर कोणाला सांगायचीच गरज नाही.

(चाळीस मिनिटांनी)

बी ७०२: काका टेलस्केलने पण १०० ने सुरू होणारा पत्ता दिला. परत सीजीनॅट???

सी ११०४: नाही रे 😄 तोच राखीव पट्टा तेही वापरतात. तो पत्ता भावाला दे.

बी ७०२: आलाआआआ. पनवेलचा आला. माझ्या घरावर लाव्हा ओतला त्याने

सी ११०४: आता राउटरमधला २५५६५ चा नियम काढून टाक. सर्व्हरची व्हाइटलिस्ट (ठरलेल्या नावांनाच प्रवेश) चालू कर, ‘ऑनलाइन मोड’ ट्रू राहू दे, तो येणाऱ्याचं खातं खरं आहे का बघतो. आणि व्हर्जन जुनं ठेवू नकोस. डिसेंबर २०२१ मध्ये याच जावा माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून समोरच्याचं मशीन ताब्यात घेता येत होतं. लॉग४शेल नावाची त्रुटी. मी आठवडाभर ऐरोलीच्या ऑफिसातून घरी फक्त आंघोळीला यायचो.

सेक्रेटरी (ए ३०२): यावरून आठवलं. गेटच्या सीसीटीव्हीसाठी वेंडरने स्टॅटिक आयपी घ्यायला लावला होता. मोबाइलवर दिसतं ना आपल्याला. म्हणजे ते पोर्ट उघडं आहे?

सी ११०४: असणार. काका, डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचा) पासवर्ड वेंडरने दिलेलाच आहे की बदललाय?

सेक्रेटरी (ए ३०२): 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

सी ११०४: वाचला मी. आणि ग्रुपवरच्या १८६ जणांनी.

सी ११०४: थट्टा बाजूला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने असेच साठेक ठरीव पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. आणि तो लिहिणारी पोरं कोण, तर माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातलीच. एकमेकांचे सर्व्हर पाडायला केलं होतं. तेव्हा ७०२ च्या मुलाची काळजी सोडा, गेटच्या डब्याची करू.

सेक्रेटरी (ए ३०२): उद्या ११ ला ऑफिसात या. किल्ली वॉचमनकडे आहे.

डी ५०४ (आजोबा): मीही येतो.

बी ७०२ (आई): जेवायला उठला एकदाचा. सी ११०४, उद्या पोहे पाठवते 🙏

ए २०१: माझं नेट अजून स्लोच आहे.