नावाजलेला चित्रपट आणि तुमचे गुण : अनुभव लिहा

मंडळी, सगळ्यांनी डोक्यावर घेतलेल्या एखाद्या चित्रपटाला तुम्ही १० पैकी किती गुण दिलेत? कुठे पाहिलात, सोबत कोण होतं? नुसता आकडा नको. आवडला नसेल तर कुठल्या प्रसंगाला मन उठलं तेही सांगा.

सुरुवात मी करते. सत्तेच्या राजकारणावरचा 'सिंहासन' (१९७९). शाळेत असताना टीव्हीवर पाहिला आणि ४ दिले. रंग नाहीत, नाच नाही, माणसं नुसती बोलतायत. बाबा मात्र खुर्ची पुढे ओढून बसले होते. ते मंत्रालयात कारकून. शेवटी निळू फुल्यांचा पत्रकार वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा मलाही हसू आलं. बाबांनी टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले. पुढे मी स्वतः सरकारी नोकरीत २२ वर्षं काढली, आणि गेल्या दिवाळीत परत पाहिला. ९. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एका चित्रपटात बसवल्यात, त्यामुळे काही माणसं घाईत येऊन जातात, म्हणून एक गुण ठेवला. बाबा असते तर त्यांनी तोही दिला असता.

लालबाग
'सैराट', २०१६, आमच्या भारतमातात. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचले. मी पूर्वार्धाला ६ देतो आणि उत्तरार्धाला १०. मित्र नेमके उलटे देतात. आमचं लग्न दोन्ही घरांना मान्य नव्हतं. भांडुपला दहा बाय बाराची खोली घेतली. पहिल्या सकाळी सार्वजनिक संडासाच्या रांगेत बायको हातात टमरेल धरून रडली होती. हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्चीला रडू फुटतं तिथे बायकोने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. शेवटी आवाज बंद होतो, ते लेकरू रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं. दिवे लागले तरी कोणी उठेना. शेजारच्या काकूंचा पाय चपलेवर होता, पण चपलेत जात नव्हता.

बोरिवली
पूर्वार्धाला सहाच? आर्ची ट्रॅक्टर चालवत येते ते पाहून माझी लेक बुलेट शिकली. आम्ही १० वर ठाम आहोत.

कुर्ला
मी वकील, १७ वर्षं खालच्या कोर्टात. 'कोर्ट'ला (२०१५ मध्ये लागला) आमच्या घरात दोन निकाल आहेत. नवऱ्याचे ५, कारण कॅमेरा हलत नाही, तारखांमागून तारखा पडतात आणि पुढे काही सरकत नाही. माझे १०, आणि कारण तेच आहे. साक्षीदार आपल्या भाषेत काहीतरी पोटतिडकीने सांगतो, न्यायाधीश त्याचं दोन ओळींचं इंग्रजी करून लिहून घ्यायला सांगतात. ते मी रोज ऐकते. माणसाचं बोलणं कागदावर येईपर्यंत त्यातला माणूस गळून जातो. बाही नसलेला पोशाख आहे म्हणून एका बाईंचं प्रकरण ऐकून घेत नाहीत, त्या प्रसंगाला लोक हसले. मला हसू आलं नाही. आणि गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील! कोर्टात ती समोरच्याला सोडत नाही. तीच लोकलने घरी येते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. खलनायक म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही, म्हणून मला रात्री झोप लागली नाही.

गिरगाव
'शोले'. मिनर्व्हात वडिलांच्या खांद्याला खांदा लावून ७० एमएमवर पाहिला : १०. मोबाइलवर पाहिला : ६.

आग्रीपाडा
'दिलवाले दुल्हनिया'. २० ऑक्टोबर १९९५ ला लागला त्या आठवड्यात आई मराठा मंदिरला गेली होती. मला तिने तिथेच नेऊन दाखवला, सकाळच्या खेळाला. तिचे १०, माझे ५. सिमरनची आई दागिने पुढे करून म्हणते पळून जा, आणि राज नाही म्हणतो. त्याला बापाच्या हातूनच मुलगी हवी. मग सिमरनला कोणी विचारलं का? आई म्हणाली, "तुला काय कळणार, आमच्या वेळी एवढं म्हणणारी आई तरी कुठे होती?" यावर मला उत्तर सुचलं नाही. गुण मात्र बदललेले नाहीत.

मुलुंड
'श्वास'. २००४ मध्ये ८ दिले होते. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, तर आजोबा शस्त्रक्रियेआधी त्याला कोणाला न सांगता रुग्णालयाबाहेर घेऊन जातात. डॉक्टर, घरचे सगळे हवालदिल. अरुण नलावडे यांचं काम उत्तम, पण जबाबदार माणूस असं वागणार नाही, म्हणून मी २ गुण कापले होते.

२००६ मध्ये माझ्या नातवाला तोच आजार निघाला. तीन वर्षांचा होता. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तपासणीची रांग सोडून मी त्याला उचललं, टॅक्सी केली आणि राणीच्या बागेत नेलं. सुनेलाही सांगितलं नाही. हत्तीपेक्षा त्याला कावळेच बघायचे होते. मी त्याचं तोंड पुन्हा पुन्हा हत्तीकडे वळवत होतो. परत आलो तेव्हा सून जिन्यात बसली होती, काही बोलली नाही.

एक डोळा वाचला. आता तो कॉलेज करतो. ते २ गुण मी केव्हाच परत दिले, पण त्याला 'श्वास' अजून दाखवलेला नाही.